मागून बघणारे तात्या

घोडेगावचे सर्जेराव तात्या कोणतीही वस्तू घ्यायची झाली की आधी तिच्या मागे जाऊन उभे राहत. उभी हयात तिथल्या बैलबाजारात दलाली करण्यात गेलेली. फ्रिज घेताना त्यांनी दुकानदाराला तो भिंतीपासून ओढायला लावला होता. जावई बघायला गेले तेव्हाही म्हणे, "जरा दारापत्तूर चालून दावा," म्हणाले. "फुडनं समदीच जनावरं देखणी असत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी तिथल्या शाळेत मास्तर आणि त्यांचा शेजारी. आमचं घर ख्रिस्ती. माझी आई नगरच्या चर्चमध्ये गायची. तिथल्या गायकवृंदाची एक छोटी रेकॉर्ड निघाली होती आणि तिच्यात दोन ओळी आईच्या एकटीच्या होत्या. मी तीन वर्षांचा असताना आई गेली. तिचा आवाज मला आठवत नाही. रेकॉर्डची एकच प्रत उरली होती, आणि ती वाजवायला घरात यंत्र नव्हतं.

शेवटी मी मोबाईलवरून सुटकेससारखा दिसणारा, लालचुटूक, स्वस्तातला प्लेयर मागवला. तात्या बघायला आले. मागे गेले. सुईची दांडी बोटानं उचलून म्हणाले, "मास्तर, हिला मागं वजनच न्हाई. समदा भार सुईवर. ही वाजवायची न्हाई, नांगरायची."

"अहो तात्या, सुरुवातीला चालतंय एवढं," मी जरा चिडूनच म्हणालो. बैलांतलं कळतं म्हणून यातलंही कळतं की काय, असं मनात आलं. आज त्याची लाज वाटते.

तात्या घरी गेले आणि स्वतःच्या लग्नातली सनईची रेकॉर्ड घेऊन आले. त्यांचा प्लेयर कधीच बंद पडला होता, पण ही रेकॉर्ड त्यांनी धोतराच्या पानात गुंडाळून जपली होती. "मंग आदी माजी लावा," ते म्हणाले.

सनई दोन मिनिटं छान चालली. मग सुई अडखळली आणि कर्रकन आडवी गेली. तात्यांनी उपरण्यानं रेकॉर्ड पुसली, उजेडात धरली. तिच्यावर आडवा चरा उमटला होता. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "न्हाईतर आपन उगं भांडत बसलो असतो."

लाल पेटी मी परत पाठवली. पुढच्या रविवारी आम्ही नगरला एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तिथे तात्यांनी चार यंत्रांच्या मागे उभं राहून पाचवं निवडलं. काळं, कुरूप, पण दांडीच्या शेपटाला फिरवून कमी-जास्त करता येणारं वजन होतं. सुई झिजलेली होती, ती नवी घालून घेतली. "दात नवं बशिवता येत्यात, हाडं न्हाई," तात्या म्हणाले. लाल पेटीपेक्षा थोडेच जास्त पैसे गेले.

घरी आल्यावर पुन्हा आधी सनईच लागली. पूर्ण वाजली. मग आई. बाकीचे आवाज थांबले, तिनं एक श्वास घेतला, तोसुद्धा ऐकू आला, आणि ती दोन ओळी गायली. सुई शेवटच्या कडेला पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला होता. ती न अडखळता पोचली.

"खनखनीत हाय आई तुमची," तात्या म्हणाले आणि दांडी उचलून ठेवली. "आज एवढंच. नव्या जनावराला पैल्या दिशी लई चालवू न्हाई."

तात्या मागच्या वर्षी गेले. त्यांच्या लेकीनं सनईची रेकॉर्ड मला आणून दिली. ती लावली की एका जागी दर फेऱ्याला टक् असं वाजतं. ती टकटक माझ्या आईच्या दोन ओळींवर पडायची होती. तात्यांनी ती आपल्या लग्नाच्या सनईवर घेतली.