पार्वताबाई मैदानावर जाऊ लागल्या

बेचाळिशी येईपर्यंत पिंप्राळ्याच्या पार्वताबाईंनी मैदानात पाऊल ठेवलं नव्हतं. दिवसभर डाळ मिलमध्ये मांडी घालून डाळ निवडायची आणि संध्याकाळी कमरेला हात लावून उठायचं, हे वर्षानुवर्षं चाललेलं. कंबर दुखायचीच, असं त्या धरून चालल्या होत्या.

ब्याण्णव साली लेक संघमित्रा पोलीस भरतीच्या मागे लागली. पहाटे पोरीला एकटं कसं पाठवायचं? तिचे वडील चिंधाभाऊ त्या वेळी रिक्षा घेऊन स्टेशनवर गेलेले असत. मग सोबतीला आई निघाली.

मैदानावर नूर महंमद सर मुलींची तयारी करून घेत. शाळेतून निवृत्त झालेले, स्वभावानं शांत. आधी एक चक्कर चालायला लावत, मग पाय, मांड्या, खांदे मोकळे करून घेत. धावणं झाल्यावर पुन्हा ताण द्यायला सांगत, सावकाश, झटका न देता. "ताण जाणवला पाहिजे, दुखता कामा नये," म्हणत. संघमित्राला हे सगळं वेळखाऊ वाटे. ती दोनदा वाकल्यासारखं करून पळत सुटे आणि परत आली की धापा टाकत तशीच खाली बसे.

कट्ट्यावर बसून बसून पार्वताबाईंना कंटाळा आला. एक दिवस त्यांनी पदर खोचला आणि मुलींच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मुली तोंड दाबून हसल्या.

"झेपेल तेवढंच करा, बाई," सर म्हणाले.

त्यांनी तेवढंच केलं, पण रोज. पुढे एका संध्याकाळी मिलमधून घरी आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आज उठताना हात कमरेकडे गेलाच नव्हता.

भरती महिन्यावर आली. थंडीच्या दिवसांत एकदा संघमित्राला उठायला उशीर झाला. ती मैदानावर पोचताच पळत सुटली आणि वळणावर पोटरी धरून खाली बसली. स्नायू ताणला गेला होता. सरांनी काही दिवस धावणं बंद करायला लावलं.

घरी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पार्वताबाई शेजारी बसल्या. माहेर धुळ्याकडचं, मायेनं बोलताना अहिराणीच तोंडात येई.

"तुना बापनी रिक्षा बी थंडीमा एकदम निंघत नही. मंग तुना पायले कसाले इतली घाई?"

पोरीला रडता रडता हसू आलं.

पाय बरा झाल्यावर मायलेकी एकमेकींशेजारी उभ्या राहू लागल्या. संघमित्रा आता धावून आल्यावरही पटकन बसत नसे. पोटरी पुन्हा धरेल ही भीती मात्र बरेच दिवस गेली नाही.

धुळ्याला भरतीच्या दिवशी नंबर यायला उशीर लागला. बाकीच्या मुली शाल पांघरून गारठून बसल्या होत्या. संघमित्रा कडेला चालत राहिली, नंबर जवळ आला तसे पाय मोकळे करू लागली. कुंपणाबाहेर पार्वताबाई तिचा स्वेटर छातीशी धरून उभ्या होत्या. ती पहिली आली नाही, पण वेळेत आली, आणि पुढे तिची निवडही झाली.

लेक ट्रेनिंगला गेली, तरी पार्वताबाईंनी मैदान सोडलं नाही. मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत पोत्यांच्या आडोशाला हात वर करून त्या पाठ ताणत. तिथल्या कनीजनं बरेच दिवस नुसतं पाहिलं. मग एकदा डबा बंद करून उठत म्हणाली, "अक्का, मला पण दाखवा. माझी तर मानच वळत नाही."

"आधी जरा चाल माझ्यासोबत," पार्वताबाई म्हणाल्या, आणि दोघी मिलच्या आवारात चालू लागल्या.