आत कापड सोड

"हात वर कर गं, आणि तोंड बंद ठेव. तू बोललीस की तेही लिहून टाकतंय हे."

"लिहू दे की ताई. तेवढीच करमणूक."

धाकटी बहीण हात पसरून आरशापुढे उभी होती. शिंपीण टेप फिरवी, तोंडाने आकडा सांगे, आणि फळीवरचा फोन मुकाट लिहून घेई. छाती चौतीस. कंबर तीस.

शिंपिणीचा नवरा होता तोवर टेप त्याच्या हातात असायचा, वही हिच्या. माप संपलं की प्रत्येक गिऱ्हाइकामागे तो एकच शेपूट जोडायचा, 'आत कापड सोड.' माणूस आज ना उद्या अंगाने भरतं, शिवण उसवून कपडा वाढवता यायला हवा. उभ्या जन्मात तिघांच्याच मापाला तो 'सोडू नको' म्हणाला. त्या तिघांचे कपडे न्यायला दुसरंच कुणीतरी आलं. कसं कळतं म्हणून विचारलं, तर म्हणायचा, टेप हाताला सांगतो.

शेवटच्या वर्षी वही बंद करून तो मापं फोनलाच सांगायला लागला होता. तो गेल्यावर फोन हिच्याकडे आला. पहिल्याच मापाखाली, ही बोलली नव्हती ती ओळ उमटली: आत कापड सोड. दुरुस्तीवाला म्हणाला, जुन्या मालकाची सवय लागलीय त्याला. ही घाबरली नाही. दुकानात हुं म्हणायला कुणीतरी आहे, एवढंच तिला वाटलं.

"बाही एकवीस," ती म्हणाली आणि चष्मा सावरून बघितलं.

आत कापड सोडू नको.

तिने ओळ पुसली, माप पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. मग पुसून, ओठ घट्ट मिटून तिने फोन नुसताच तोंडासमोर धरला. अक्षरं एकेक करून उमटत गेली, दम लागलेला माणूस बोलतो तशी.

"काय म्हणतोय? जाड झाले म्हणतोय का?"

"नाही. व्हायचीयस अजून," शिंपीण म्हणाली. "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचंय आपल्याला. आणि ड्रेस न्यायला तूच यायचं. दुसऱ्या कुणाला पाठवलंस तर देणार नाही."

बहीण हसत चपला घालून गेली.

शिंपिणीने फोन पालथा टाकला. कापड पसरलं. खडूने शिवणीबाहेर दोन बोटं सोडून रेघ ओढली, जरा थांबली, ती पुसून चार बोटांवर ओढली, आणि कात्री उचलली.