पालथा ग्लास

वाइन आवडली नाही की त्या ग्लास पालथा घालायच्या. उरलेला घोट टेबलावरच्या भांड्यात ओतायचा आणि ग्लास पालथा, आवाज होईल असा. तो आवाज झाला की बाटलीच्या मालकाचा चेहरा उतरे. बाकीच्यांना आपण नुकत्याच उधळलेल्या विशेषणांची लाज वाटायला हवी होती. वाटत नसे.

त्या भूलतज्ज्ञ होत्या. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी टेबलावर उताणा पडलो होतो.

"घाबरलाय?"

"छे."

"खरं बोला की. नाडी सांगायला लागलीया."

मी खरं बोललो आणि पुढच्या क्षणी झोपलो. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेल्या आणि तिथंच राहणाऱ्या या बाई एवढं शिकल्या, तरी पेठेतल्या बायकांसारखं "मी येतो", "मी जातो" असंच बोलायच्या.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ताराबाई पार्कातल्या एका कारखानदाराच्या बंगल्यावर आमचा वाइन क्लब सुरू झाला. कारखानदार माझा शाळासोबती. फाउंड्रीत बक्कळ पैसा मिळाल्यावर त्याला अभिरुची हवीशी झाली, आणि ती बाटलीतून मिळते असं त्याला परदेशात कुणीतरी सांगितलं होतं. मला घेतलं ते लेबलं वाचायला. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला जगातल्या सगळ्या भाषा येतात, असा त्याचा समज. डॉक्टरांना घेतलं, कारण त्यांचे यजमान जहाजावर इंजिनिअर होते. ते वारले होते, पण घरी चार बाहेरच्या बाटल्या असणारच.

रविवारी दुपारी आम्ही सातआठ जण जमायचो. प्रत्येकानं आपली खास बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची. लेबल कुणाला दिसता कामा नये. सगळ्यांनी चाखायचं, बोलायचं आणि मगच कागद फाडायचा. कल्पना चांगली होती. माणसं तीच होती, एवढीच अडचण. पोटात काही जायच्या आधी तोंडातून बरंच बाहेर पडायचं.

"ओली माती... मग जांभूळ..." कारखानदार डोळे मिटून म्हणायचा, "आणि शेवटी चामडं!"

"चपला दाराशी काढल्यात, तिथनं येतोय वास," डॉक्टर म्हणायच्या. "आवडलं न्हाय तर न्हाय म्हणा की! वाइन हाय ती, सासू न्हवं."

त्यांच्याकडे खरंच एक बाटली होती. यजमानांनी पोर्तुगालच्या बंदरातून आणलेली. "नोकरी सोडून कायमचा घरी आलो की उघडू. तू, मी आणि पोरगी," असं ते म्हणाले होते. पुढच्या सफरीवरून ते आले ते आजारी होऊनच, आणि बाटली कपाटात त्यांच्या स्वेटरांच्या मधे तशीच राहिली. डॉक्टरांनी एकदा ती मला घरी दाखवली होती. लेबल वाचून घ्यायला नव्हे, नुसती दाखवायला.

मग कारखानदारानं मुंबईहून बाटल्यांसाठी काचेच्या दाराचं थंड कपाट आणलं. ते बघायला लोक यायचे.

"डॉक्टर, तुमची ती बाटली स्लॅबखालच्या उन्हाळ्यात मरंल. इथं ठेवा. जिवापाड जपतो."

त्यांनी बरेच दिवस विचार केला. मग एका रविवारी स्वेटरात गुंडाळून घेऊन आल्या, बाटली कपाटात ठेवली आणि स्वेटर घडी घालून परत पिशवीत टाकला. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोरगी अमेरिकेहून आली की मी न्हेतो. तवर हात लावायचा न्हाय."

"शब्द दिला," कारखानदार म्हणाला.

पुढच्या वर्षी मुंबईचे एक पाहुणे आले. ते वर्तमानपत्रात वाइनवर लिहीत, आणि बोलतानाही आपण छापले जातोय अशा सावधपणानं बोलत. त्या दुपारी कारखानदारानं तीन बाटल्या मांडल्या, तिन्ही कागदात गुंडाळलेल्या. पहिल्या दोन वेळा डॉक्टरांचा ग्लास पालथा झाला. तिसऱ्या बाटलीचा त्यांनी एक घोट घेतला. पुन्हा एक घोट घेतला.

"काय डॉक्टर, पालथा?"

"न्हाय. अजून घाला."

हे क्लबात कधी घडलं नव्हतं. त्या हसत होत्या. "कुणाची हाय ही? त्याच्या पाया पडतो मी."

कारखानदारानं जादूगारासारखा कागद ओढला.

लेबल मी ओळखलं. त्यांनीही ओळखलं. हसू तोंडावरून जायला थोडा वेळ लागला.

"ही माझी हाय."

"तुमचीच की! सरप्राइज!"

"शब्द दिलतासा तुम्ही."

"अहो, असले पाहुणे काय रोज येतात? आणि ती उतरणीला लागलीती. आणखी वर्षभर ठेवली असती तर नुसता व्हिनेगर. उलट उपकार माना."

पाहुण्यांनी मान डोलावली. "मॅडम, वाइनला भावना कळत नाहीत. तापमान कळतं."

बाकीचे आपापल्या ग्लासात बघत होते. एका वास्तुविशारदाला शांतता सहन झाली नाही. तो म्हणाला, "पण होती मात्र अप्रतिम हं!" आज इतकी वर्षं झाली, तो माणूस रस्त्यात दिसला तरी माझे हात शिवशिवतात.

डॉक्टरांनी ग्लासातला शेवटचा थेंब संपवला आणि ग्लास सुलटा, अलगद खाली ठेवला. मग बाटली उचलली. तळाशी थोडी उरली होती. मी उठलो.

"तुम्ही का उठला? बसा. पावणं काय म्हणतील?" डॉक्टर म्हणाल्या.

"उठलोय."

"मग धरा ही."

बूच पाहुण्यांनी आठवण म्हणून खिशात घातलं होतं. ते मागून घ्यायची डॉक्टरांची इच्छा नव्हती, आणि मी मागितलं असतं तर नुसतं मागून थांबलो नसतो. म्हणून त्यांच्या स्कूटरवर मागे बसून, बाटलीच्या तोंडात अंगठा घालून मी भर दुपारी कोल्हापुरातून निघालो. पेठेच्या तोंडाशी फुटबॉलच्या मॅचला निघालेली पोरं आडवी आली. त्यातला एक ओरडला, "काय मॅडम, सरांना लईच झाली काय?"

"भूल दिलीया!" वेग कमी न करता त्या ओरडल्या.

घरासमोर स्कूटर थांबली, पण त्या उतरल्या नाहीत. समोर बघतच बोलल्या.

"मला कळलंच न्हाय वो. ह्यांची बाटली तोंडात होती आणि मी विचारतोय, कुणाची हाय. कळायला पायजे होतं की."

कसं कळणार होतं? मी अंगठा न काढता बसून राहिलो.

बाटलीच्या तोंडात ऑपरेशनचा कापूस कोंबून, वर चिकटपट्टी लावून त्यांनी ती फ्रिजमध्ये ठेवली. दिवाळीत मुलगी आली, तेव्हा मला बोलावणं आलं. तीन ग्लासांत घोट घोट ओतला. मुलीनं चव घेतली आणि तिचं तोंड चिंच चावल्यासारखं झालं.

"आई, खरं सांगू? पार आंबलंय गं."

डॉक्टर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "बघा! ह्या घरात खरं बोलणारं माणूस हाय अजून." मग आम्ही तिघांनी तो आंबट घोट शेवटपर्यंत प्यायला. ग्लास कुणी पालथा घातला नाही.

त्या क्लबात पुन्हा गेल्या नाहीत. मीही गेलो नाही. काही वर्षांनी डॉक्टर वारल्या, आणि महिन्याभरातच कारखानदाराचा फोन आला. त्यांच्या स्मरणार्थ क्लबानं रविवारी दुपारी खास बाटल्या उघडायचं ठरवलं होतं.

मी गेलो. राग जपायचा असेल तर अधूनमधून तो जिथं ठेवलाय तिथं जाऊन यावं लागतं.

टेबलावर पांढरंशुभ्र कापड होतं. ग्लास काठोकाठ भरले होते. कारखानदार उभा राहिला. त्याचा आवाज दाटून आला होता, आणि तो खरोखरच दाटला होता, हे सर्वांत वाईट.

"आपल्या क्लबच्या इतिहासातली सगळ्यात थोर बाटली," तो म्हणाला, "मॅडमनी मोठ्या मनानं आपल्याला दिली..."

सगळ्यांनी ग्लास उंचावले. मी माझा भरलेला ग्लास टेबलावर पालथा घातला. आवाज झाला. लाल रंग कापडावरून कारखानदाराच्या ताटलीपर्यंत सरकत गेला.

त्याची बायको नॅपकिन घेऊन धावली. "अहो भावजी, हे काय केलंत! हा डाग जायचा न्हाय हो!"

"न्हाय जायचा, वहिनी," मी म्हणालो.