सिंदूरीचे दोन वरंबे

आई गेल्यावर दीड महिन्यानं मी बाबांना दिल्लीला घेऊन आले. मी केंद्र सरकारच्या नोकरीत, लक्ष्मीबाई नगरला तळमजल्याचं क्वार्टर, पुढे चार खाटा मावतील एवढं अंगण. बाबांनी खेड तालुक्यात जन्मभर बटाटा केला होता. इथे मात्र ते सकाळी खुर्ची घेऊन अंगणात बसत आणि ऊन आलं की ती उचलून आत येत. हिंदी त्यांना समजायची, पण बोलत नसत. "चुकलं की लोक हसतात," म्हणायचे.

सप्टेंबरच्या शेवटी एकदा त्यांनी अंगणातली माती मुठीत घेऊन दाबली, सोडली. "भुसभुशीत आहे गं. बटाटा येईल हिच्यात."

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. ती फोन घेऊनच आली. "आजोबा, मी ऑनलाइन बीज मागवू? पॅकेट येतं."

"बी नाही. बेणं लागतं."

"बेणं म्हणजे?"

"बटाटाच. कोंब आलेला बटाटा मातीत लावायचा, त्याच्यापासून नवे येतात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. हा शब्द तिनं कधी ऐकलाच नव्हता. घरात मराठी बोलतो खरं, पण ती भाजी-पोळी-अभ्यासापुरती.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं मेट्रोनं आझादपूरकडे गेलो. बियाण्यांचं दुकान अरुंद होतं आणि दारातच बेण्याच्या गोण्या उघड्या ठेवल्या होत्या. बाबा एकेका गोणीपाशी वाकून बटाटा उचलत, डोळे मोजत, अंगठ्यानं दाबून पाहत. त्यांनी गावाकडे ज्योती ही जात लावलेली. ती इथे नव्हती. इथे चंद्रमुखी होती, पुखराज होती, वेफर्सवाल्यांची चिपसोना होती आणि कोपऱ्यात लालसर सालीची सिंदूरी.

दुकानदारानं विचारलं, "बाऊजी, बेचना है या खाना है?"

बाबा हातातला बटाटा फिरवत राहिले. त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटून मुलीनं मराठीत सांगितलं, "आजोबा, विचारतायत, विकायचेत की खायचेत?"

"समजलं मला," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हे मला आजवर कुणी विचारलंच नाही. व्यापारी जे मागेल ते लावायचं. तुझी आई दर वर्षी म्हणायची, एक वरंबा घरासाठी निराळा लावा, चवीचा. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी."

दुकानदार वाट बघत उभा होता. शेवटी बाबाच त्याला म्हणाले, "खाने के लिए."

"फिर सिंदूरी ले जाइए. देर से आती है, पर स्वाद इसी में है."

मी म्हटलं, "बाबा, चंद्रमुखी घेऊ या ना. लवकर येते." मला खरं तर त्यांच्या हाती लवकर काहीतरी लागावं असं वाटत होतं. त्यांनी दोन्ही घेतल्या. दोन वरंबे माझ्या चंद्रमुखीचे, दोन त्यांच्या सिंदूरीचे.

ऑक्टोबरच्या मध्यावर लागवड झाली. डिसेंबरात धुकं पडायला लागलं तसे बाबा रोज पानं उलटून करपा रोगाचे डाग शोधत. थंडी जास्त वाटली की पाला गारठू नये म्हणून संध्याकाळी हलकं पाणी देत. जानेवारीत चंद्रमुखी निघाली. छान पांढरी, अंड्याएवढी. मुलीनं हातानं माती उकरली आणि प्रत्येक बटाट्याला ओरडली.

त्यानंतर चार दिवसांनी कॉलनीत पाण्याची नवी लाइन टाकणारी माणसं आली. चर आमच्या अंगणातून जाणार होता, बरोबर सिंदूरीवरून. त्यांचा मुकादम चुन्याची रेघ मारत म्हणाला, परवा खोदू. मी ऑफिसला निघाले होते. "मी बोलते त्यांच्याशी," म्हणून चप्पल घालते आहे तोवर बाबा पुढे गेले.

"भाईसाब, ये लाल वाला है. इसको अभी टाइम लगता. अभी निकाला तो कच्चा."

मुकादमानं खाली बसून एका झाडाच्या बुडाशी माती सारली. "सिंदूरी है? हमारे फर्रुखाबाद में भी लगाते हैं." तो पाला न्याहाळत राहिला. "कितने दिन, ताऊजी?"

"पच्चीस."

"पच्चीस तो नहीं मिलेंगे. मैं उधर के सिरे से शुरू करवाता हूँ. पंद्रह दिन मानो. उसके बाद मेरे हाथ में नहीं."

बाबांनी लगेच हिशेब केला. चार दिवस अजून वाढू द्यायचं, मग पाला कापायचा आणि दहा दिवस बटाटे मातीत ठेवायचे, म्हणजे साल घट्ट धरते. ते दिवस मुकादम रोज जाता-येता फाटकाशी थांबायचा. दोघांचं फर्रुखाबाद आणि खेडबद्दल बोलणं चाले. बाबांची हिंदी भयंकर होती आणि कुणी हसत नव्हतं.

चौदाव्या दिवशी सिंदूरी काढली. बटाटे लहानच निघाले, काही तर सुपारीएवढे. दोन-तीन सडलेले. बाबांनी ते बाजूला केले, चांगल्यातले पिशवीभर मुकादमाला दिले. दुसऱ्या दिवशी चर पडला आणि वरंब्यांची माती रस्त्यापर्यंत पसरली. बाबा दारात उभं राहून बघत होते. मला वाटलं, त्यांना वाईट वाटत असेल. ते म्हणाले, "खोल खणतायत. चांगली लाइन बसेल."

त्या संध्याकाळी मी जिरं-मिरचीची फोडणी देऊन सिंदूरीची भाजी केली. बाबांनी पहिला घास सावकाश खाल्ला.

"कशी आहे?" मुलीनं विचारलं.

"अजून दहा दिवस मिळायला हवे होते," ते म्हणाले आणि वाटी माझ्यापुढे केली. "वाढ अजून थोडी."