समोरची पिवळी भिंत

गोंदियाच्या बाजारात टॉर्च आणि लेझर विकणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलंच नाही. गिऱ्हाइकाच्या हाती लेझर देण्याआधी तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना "बाजूले व्हा" म्हणायचा, समोरच्या पिवळ्या भिंतीवर मारून बघायचा आणि ज्याचा ठिपका फार भगभगीत असेल तो गुपचूप खोक्यात टाकून द्यायचा. दहातले दोन-तीन तरी असे जायचे. मला वाटायचं, उगाच वेळ काढतो.

कामठ्याच्या आमच्या शाळेत प्रयोगांसाठी दहा लेझर हवे होते. मी त्याच्याकडे सरळ कंपनीचाच पत्ता मागितला. वर ऐकवलं, "मधला माणूस कशाला पोसायचा?"

त्याने डब्यावरचा पत्ता फाडून माझ्या हातात ठेवला. "मंगवा ना सर. पण कंपनी फक्त बनवते. पाहून तं मी देतो."

पार्सल आलं, स्वस्तही पडलं. मी शहाणा, तसेच वर्गात वाटले. सातवीतल्या एका मुलीने गंमत म्हणून स्वतःच्या डोळ्याकडे धरला. आता पुस्तक उघडलं की तिला मधोमध एक काळा डाग दिसतो. डॉक्टर म्हणाले, तो जायचा नाही.

दहाही लेझर घेऊन मी त्याच्याकडे गेलो आणि झालेलं सांगितलं. तो एकेक भिंतीवर मारत गेला, चार बाजूला काढले. चौथा तिच्या हातातला होता, तसं मी सांगितलं. तो लेझर मुठीत धरून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला,

"हा तं मी देल्लाच नसता, सर."