मिठाच्या हिशेबाने चिपा

शेवटची भेटले तेव्हा दादाने पनवेलच्या रुग्णालयात मला पहिला प्रश्न विचारला, "स्लॅब पडला का?" आवाज पार खोल गेलेला, आणि चौकशी माझ्या बांधायला घेतलेल्या घराची. मी म्हटलं, "परवा पडतोय." त्याने समाधानाने डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी स्लॅब पडला, आणि गवंडी जेवायला बसले तोच वहिनींचा फोन आला...

आम्ही पेणच्या खाडीकाठचे, मिठागरवाले. जमीन प्रकल्पात गेली, भरपाई आली, भावकीतल्या बहुतेकांनी ट्रक घेतले. दादा कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. मध्यंतरी एकेका इलेक्ट्रॉनिक चिपेसाठी यंत्रं महिनोन्महिने बंद पडून राहिली, तेव्हापासून या माणसाला त्या धंद्याचं वेड लागलं. टंचाई आली की सगळ्या कंपन्या एकदम नवे कारखाने काढतात, ते उभे राहीपर्यंत माल उतू जातो, भाव कोसळतो, मग उत्पादन कमी करतात की पुन्हा टंचाई. "मीठच हाय गं बाय," तो मला सांगायचा, "भाव चढला की जो तो वाफे वाढवतो. आपण रास पडून असताना घ्यायचं."

मंदी आली तशी त्याने परदेशी चिप कंपन्यांच्या फंडात भरपाईतला स्वतःचा आणि माझा वाटा घातला. नवरा गेल्यापासून मी भाड्याच्या खोलीत राहत होते, या पैशांतून माझं घर उभं राहायचं होतं. दादा म्हणाला, "दिवाळीपर्यंत थांब." इथेच तो फसला. उन्हाळ्यात स्वस्त झालेलं मीठ गवताने शाकारून ठेवायचं आणि पावसाळा सरल्यावर विकायचं, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. चिपांना कुठला पावसाळा ठाऊक? दिवाळी आली, फंड आणखी खाली. भाऊबीजेला मी ओवाळता ओवाळता विचारलं, "दिवाळी कुठल्या सालातली म्हणाला होतास?" तो लाजून हसला. "अंदाज चुकला बाय. याचा पावसाळा लई लांब हाय. पण सरंल, सरल्याबिगर ऱ्हायचा न्हाय."

सरला, पण पुढच्या दिवाळीच्याही नंतर. मग काय, फंड असा चढू लागला की ट्रकवाले चुलतभाऊही दादाच्या ओटीवर येऊन बसू लागले. आणि ऐन भरात असताना या शहाण्याने माझा वाटा विकायला लावला. मी तोंडाचा पट्टा सोडला. दोन वर्षं उपाशी ठेवलंस आणि पान वाढल्यावर उठवतोस? तो एवढंच म्हणाला, "टोक कुणाला गावत न्हाय. तू घर बांधायला घे."

तेराव्यानंतर वहिनींनी सांगितलं. दादाचा स्वतःचा वाटा अजून फंडातच आहे. दुखणं कळल्यावर त्याने फक्त माझा काढायला लावला होता. "म्हनाले, आपल्याला पोरगा हाय. पुढली मंदी आली तर बायला धीर द्यायला कोन हाय?"

दादा, हे तोंडाने सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी भांडले तरी नसते. नाही, भांडले असतेच, दुसऱ्या कशावरून तरी.

फंड अजून चढतोच आहे. मी रोज सकाळी नव्या ओट्यावर बसून भाव बघते. काल असाच वाढलेला पाहिला आणि रागाच्या भरात सवयीने दादाला फोन लावला. वाजत राहिला... वहिनींनी उचलला.

म्हणाल्या, "बोल बाय. त्यांना काय बोलनार व्हतीस, ते मला बोल."