उत्तरेच्या फश्तावर

बहारीन पहिल्यांदा दिसलं ते बोटीच्या डेकवरून. साल शहात्तर. मुंबई सोडल्यापासून आम्ही डेकवरच वळकट्या पसरून झोपत होतो. कराची, मस्कत, दुबई अशी बंदरं घेत बोट चालली होती आणि प्रत्येक बंदरात डेकवरची माणसं कमी होत होती. आमच्या देवगडकडे समुद्रातून येताना आधी डोंगर दिसतो, मग झाडं, मग घरं. इथे पाण्यावर एक पिवळसर रेघ होती आणि तिच्यावर उभी केल्यासारखी एक पाण्याची टाकी. माझ्या शेजारी मालवणचा एक सुतार उभा होता. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "हय जमीन खंय आसा?" मला हसू आलं नाही, कारण मीही तेच शोधत होतो.

हिद्दजवळ जहाजदुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये मी डिझेल मेकॅनिक म्हणून लागलो. राहायची खोली मुहर्रकच्या जुन्या वस्तीत, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. खोलीत माझ्यासोबत फ्रान्सिस होता. वसईच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला हा ख्रिस्ती मुलगा मनामाच्या एका हॉस्पिटलात वॉर्डमध्ये काम करायचा. दिवसभर रोग्यांची उठबस करून संध्याकाळी खोलीवर आला की तो आधी खिडकी उघडायचा आणि वारा कुठला आहे ते सांगायचा. समुद्राजवळ वाढलेल्या माणसाची ही सवय मला ओळखीची होती. आमचं तेवढ्यावरच जमलं.

अबू जासिम आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचा. साठीचा, बुटका, रुंद छातीचा माणूस. त्याच्या बानूशचं (मासेमारीच्या लाकडी होडीचं) इंजिन एकदा बंद पडलं, तेव्हा कुणीतरी त्याला माझ्याकडे पाठवलं. मी दुपारभर खपून ते चालू केलं. तो तरुणपणी मोत्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर मुंबईला येऊन गेलेला होता, त्यामुळे त्याला त्या काळची मोडकीतोडकी हिंदी यायची. इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकल्यावर त्याने मला शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या दिवशी, समुद्रावर यायला सांगितलं. मी म्हटलं, माझा एक मित्र आहे. तो म्हणाला, त्यालाही आण.

तिथून आमच्या शुक्रवारांना सुरुवात झाली, आणि पुढची दोन-तीन वर्षं ते चालले.

बहारीनमध्ये राहणाऱ्या आपल्या बहुतेक लोकांना तिथलं वाळवंट, बाजार आणि रस्ते ठाऊक असतात. बेटाच्या उत्तरेला समुद्राचं जे रान आहे, ते फार थोड्यांनी पाहिलं असेल. रान हाच शब्द मला त्याला योग्य वाटतो. किनारा दिसेनासा झाला की पाण्याचा रंग बदलत जातो. गडद निळ्यात मधेच फिकट हिरवे पट्टे येतात. ती फश्तं (समुद्रात बुडालेली उथळ, खडकाळ पठारं). भरतीला त्यांच्यावरून होडी जाते, ओहोटीला त्यांचा काही भाग उघडा पडतो आणि माणसाला चालता येतं. हिवाळ्यात पाणकावळ्यांचे थवे पाण्याला चिकटून उडत जायचे. एकदा समुद्रगायींचा कळप आमच्या होडीखालून गेला. त्यांच्या पाठी दिसेनाशा होईपर्यंत अबू जासिमने इंजिन बंद ठेवलं होतं.

आम्ही गळ टाकायचो. हामूर (आपल्याकडचा गोबरा) लागला तर दिवस चांगला. साफी नावाचा लहान, काटेरी मासा तर नेहमीच मिळायचा. तो मासा अबू जासिम होडीवरच निखाऱ्यांवर भाजायचा, आणि खजुराच्या रसात शिजवलेला गोडसर भात त्याच्या घरून यायचा. गोड भाताबरोबर मासा ही कल्पना मला सुरुवातीला सोसली नाही. फ्रान्सिस मात्र पहिल्याच दिवशी दोनदा मागून जेवला. बोलणं फार होत नसे. अबू जासिमच्या बरोबरीचे म्हातारे किनाऱ्यावर बसून जुन्या गोष्टी सांगत, गुणगुणत. त्याच्या तोंडून कधी एक ओळसुद्धा ऐकू आली नाही. मला वाटायचं, स्वभाव आहे.

तिसऱ्या हिवाळ्यात आम्ही उत्तरेच्या मोठ्या फश्तावर जायचं ठरवलं. गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुटी झाल्यावर निघालो, फश्ताच्या कडेला नांगर टाकला आणि होडीवरच झोपलो. सकाळी उठलो तेव्हा ओहोटी लागली होती. समोर ओल्या वाळूचं आणि प्रवाळाचं पठार पसरलेलं. त्याच्यावर बगळे उभे होते आणि सूर्य नुकता वर आला होता. अबू जासिम चहा करत होता. त्याने सांगितलं, गुबगुब (खेकडे) गोळा करून आणा, पण पाणी फिरायच्या आत परत या. मी आणि फ्रान्सिस गुडघाभर पाण्यातून चालत गेलो.

चालताना किती लांब आलो ते कळलं नाही. पाणी इतकं स्वच्छ होतं की प्रत्येक खळग्यात काहीतरी पाहण्यासारखं सापडत होतं. मी वाकून खेकडा धरत होतो, तेवढ्यात मानेला गार हवा लागली. वर पाहिलं तर उत्तरेकडून धुकं येत होतं. कोकणात मी धुकं पाहिलेलं आहे. पण ते दरीतून वर चढतं, त्याला कडा असतात. हे सपाट समुद्रावरून भिंतीसारखं सरकत आलं आणि आम्ही होडीकडे वळेपर्यंत होडी नाहीशी झाली होती. थोड्या वेळाने मला फ्रान्सिसही जेमतेम दिसत होता.

ज्या बाजूला होडी असावी असं वाटलं, त्या बाजूला आम्ही निघालो. पाणी मांडीपर्यंत आलं, मग उतरलं, मग पुन्हा चढलं. आपण सरळ चाललोय की वळतोय हे सांगता येत नव्हतं. आणि मग फ्रान्सिस एकदम खाली बसला. त्याचा पाय वाळूत दडलेल्या पाकटावर (शेपटीत विषारी काटा असलेल्या चपट्या माशावर) पडला होता आणि पाकटाने घोट्याच्या वर काटा मारला होता. त्याने दोन्ही हातांनी पाय धरला होता आणि बोटांमधून रक्त पाण्यात पसरत होतं. मी शर्ट काढून जखम बांधली. त्याला उभं केलं, त्याचा हात माझ्या गळ्यात घेतला.

मग मला पोटरीवर पाण्याची ओढ जाणवली. ती आता उलट्या दिशेची होती. भरती लागली होती.

आम्ही हाका मारल्या. उत्तरादाखल डबा बडवल्याचा आवाज आला, पण तो एकदा डावीकडून, एकदा मागून. धुक्यात तो तुटक आवाज कुठून येतोय ते धरताच येईना. पाणी कमरेला आलं. फ्रान्सिस मला म्हणाला, "तू हो पुढे. होडी सापडली की मला न्यायला ये." मी त्याला गप्प राहायला सांगितलं. तो म्हणाला, "मी काही रागावणार नाही रे." हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की त्या वेळी मला खरी भीती वाटली.

डब्याचा आवाज थांबला. काही वेळ काहीच नाही. आणि मग धुक्यातून माणसाचा आवाज आला. फार खालच्या पट्टीत सुरू झालेला, छातीतून ओढून काढल्यासारखा, न तुटणारा. शब्द मला कळत नव्हते. तो सूर एका जागी टिकून राहायचा, मग हळूहळू चढायचा आणि पुन्हा खाली यायचा. पण त्याची दिशा ठरलेली होती. डबा हरवत होता तसा तो हरवत नव्हता. फ्रान्सिसने मान वर केली आणि बोटाने उजवीकडे दाखवलं. मलाही तीच बाजू वाटली. आम्ही चालू लागलो.

पाणी छातीला लागलं तेव्हा मी फ्रान्सिसला पाठीवर घेतलं. आवाज जवळ येत गेला. धुक्यात आधी एक काळी आकृती दिसली, मग तिचा चेहरा. अबू जासिम गळ्याइतक्या पाण्यात उभा होता. कमरेला त्याने होडीचा लांब दोर बांधला होता. दोर मागे ताणलेला होता, संपलेला. त्याला आणखी एक पाऊलही पुढे येता येत नव्हतं, म्हणून तो तिथेच उभा राहून गात होता. आमच्यापर्यंत हात पोचला तेव्हाही गाणं थांबलं नाही. फ्रान्सिसचा दंड घट्ट पकडल्यावरच तो थांबला आणि म्हणाला, "यल्ला, चलो. पानी आता है."

दोराच्या आधाराने आम्ही होडीवर चढलो. फ्रान्सिसने स्वतःच सांगितलं, सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय ठेवायला हवा. चहाच्या किटलीतलं पाणी बादलीत ओतून त्यात त्याचा पाय ठेवला. दुखणं हळूहळू उतरलं तसा तो रडला. अबू जासिमने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि शेजारी बसून राहिला. त्याचे स्वतःचे ओठ थंडीने निळे पडले होते.

धुकं विरेपर्यंत थांबावं लागणार होतं. मी त्याला विचारलं, ते काय गात होतात? त्याने सांगितलं ते असं. तरुणपणी तो मोत्यांच्या गलबतावर नहाम (वल्ही मारणाऱ्यांना गाण्याचा ताल देणारा गायक) होता. त्याचा धाकटा भाऊ त्याच गलबतावर पाणबुड्या होता. एका उन्हाळ्यात याच पट्ट्यात भावाला वर ओढलं तेव्हा त्याच्यात श्वास नव्हता. किनारा लांब, वारा नाही. वल्ही मारूनच जायचं होतं. नाखवा म्हणाला, गा, नाहीतर माणसं वल्हवणार नाहीत. भावाचं प्रेत पायाशी ठेवून तो किनारा येईपर्यंत गात राहिला.

"उस दिन के बाद गाना खलास," तो म्हणाला. "आज तुम दोनों अंदर था, तो क्या करेगा."

फ्रान्सिसचा पाय महिनाभर सुजलेला होता, पण बरा झाला. अबू जासिमच्या छातीत मात्र गारठा बसला. त्याला हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हा फ्रान्सिस आपली शिफ्ट संपल्यावरही त्याच्या खाटेशी थांबायचा. अबू जासिम घरी आला, पण डॉक्टरांनी समुद्र बंद केला. आमचे शुक्रवार आता त्याच्या मजलिसमध्ये (पाहुण्यांच्या खोलीत) जाऊ लागले. गहवा (कॉफी) आणि खजूर यायचे, आणि कधीकधी, न सांगता, तो गायचा. आवाज बारीक झाला होता. पहिल्यांदा तो गायला तेव्हा त्याचा मोठा मुलगा जासिम चपला घालून बाहेर निघाला होता, तो दारातच थांबला. आपला बाप नहाम होता हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. त्याची आई आतल्या खोलीतून दाराशी येऊन उभी राहिली. पुढच्या शुक्रवारी शेजारचे दोन म्हातारे आले आणि तेही सुरात सूर मिसळू लागले.

पुढच्या हिवाळ्यात अबू जासिम गेला. दफनाला मी आणि फ्रान्सिस कबरस्तानच्या भिंतीबाहेर उभे राहिलो. एक हिंदू, एक ख्रिस्ती, आत जावं की नाही कळेना. जासिम गर्दीतून वाट काढत आमच्यापर्यंत आला. त्याने आम्हा दोघांचे हात धरले आणि आत नेलं. आमच्या ओंजळीत माती दिली. ती वाळूच होती, कोरडी. मी ती टाकली तेव्हा बोटांना चिकटूनसुद्धा राहिली नाही.

पंच्याऐंशीला मी नोकरी सोडून गावी परतलो. फ्रान्सिसचं लग्न झालं होतं, ईसा टाउनला त्याचं बिऱ्हाड होतं. विमानतळावर तो सोडायला आला आणि वारा उत्तरेचा आहे एवढंच म्हणाला. विमान उत्तरेकडे तोंड करून उडालं आणि समुद्रावर वळलं. ओहोटीची वेळ होती. खाली निळ्यात फिकट हिरवा पट्टा दिसला आणि त्याच्या मधोमध उघड्या वाळूचा छोटा ठिपका. खिडकीतून पाहणाऱ्या शेजारच्या प्रवाशाने मला हिंदीत विचारलं, तिथे बेट आहे का. मी सांगितलं, भरतीला नसतं.

गावी लोक बहारीनबद्दल विचारतात तेव्हा मी त्यांना घरांचं, गाड्यांचं, उन्हाळ्याचं सांगतो. नऊ वर्षं मी त्या देशात राहिलो, पण तिथली प्रत्येक जागा दुसऱ्याची होती. मी व्हिसा असेपर्यंतचा माणूस होतो. समुद्रातला तो एवढासा तुकडा कुणाचाच नव्हता. तिथे एका माणसाने दोर संपेपर्यंत पुढे येऊन आम्हाला हाक दिली. हे सांगताना मला अजूनही मधे थांबावं लागतं, म्हणून लिहून ठेवलं.